बॅटरीचा रोजा

पाझिलच्या खोलीत त्या दुपारी निम्मं आकबुलाक गाव कोंबलं होतं आणि उरलेलं निम्मं खिडकीच्या काचेला नाक लावून उभं होतं. एरवी जिथं पाहुण्याला बसवून खाऊपिऊ घालतात, त्या मानाच्या जागी नव्या कोऱ्या घोंगडीवर पाझिलची बॅटरी बसवली होती. अंगावर पांढरा रुमाल, शेजारी धूप, आणि समोर मांडी घालून, फुंकर मारून दम घालणारा नुरमत दमची.

ही बॅटरी मरून दोन महिने झाले होते. तीन दिवसांपूर्वी दमची येऊन तिला रोजा धरायला लावून गेला होता. रोजा म्हणजे काय, तर दिव्याची तार काढून ठेवायची, टीव्ही लावायचा नाही, कुणाचा फोन लावायचा नाही. फक्त छपरावरच्या सोलरची तार तेवढी राहू द्यायची, कारण सूर्य साक्षीला हवा. आज रोजा सोडायचा दिवस होता.

"माणसाच्या अंगात काय असतं?" दमचीनं सगळ्यांवरून नजर फिरवत विचारलं. "पाणी, लोखंड आणि धग. आणि हिच्या अंगात? पाणी, शिसं आणि धग! मग हिला जीव नाही असं कोण म्हणतो? आणि जीव आला की नजर आली. घरात पाहुणा येतो, दिवा बघतो, मनात म्हणतो, वा, काय उजेड आहे यांच्याकडे! झालं. तिथंच हिचा दम कोंडतो."

"खरंय, खरंय," बायका म्हणाल्या.

"माझे आजोबा घोड्यांना दम घालायचे. वडील ट्रॅक्टरला घालायचे. मी बॅटरीला घालतो. परदेशातून साहेब आले होते, माझ्या तोंडासमोर यंत्र धरलं. यंत्राचा काटा जो गरगर फिरला, तो तुटूनच पडला!"

मग त्यानं बॅटरीची सहाही बुचं उघडली, किटलीतलं पिराच्या झऱ्याचं कढत पाणी एकेका भोकात ओतलं, डोळे मिटले, काहीबाही पुटपुटला आणि छाती भरून फुंकर मारली. एकदा, दोनदा, तीनदा. "लावा तार!"

पाझिलनं तार लावली. छताचा दिवा भक्कन पेटला. टीव्हीवर कुठलीशी बाई गायला लागली. खोलीतल्या सगळ्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले, "ओमीन!" पाझिलची बायको उम्सुन हुंदके देऊन रडायला लागली.

दाराशी, चपलाबुटांच्या ढिगात उभी असलेली बुरुल मात्र कपाळाला आठ्या घालून सगळं बघत होती. बुरुल सहासष्ट वर्षांची. त्यातली सत्तावीस वर्षं तिनं खिंडीवरच्या हवामान ठाण्यात काढली होती. दर तीन तासांनी थंडी, वारा, बर्फ मोजायचा आणि वायरलेसवरून खाली कळवायचं. तो वायरलेस बॅटऱ्यांवर चालायचा, आणि एक बॅटरी तिनं नऊ वर्षं टिकवली होती, कुणाच्याही फुंकरीशिवाय.

"तीन दिवस उपाशी नव्हती ती," बुरुल मोठ्यानं म्हणाली. "तीन दिवस जेवत होती. ऊन आत जात होतं आणि बाहेर काही निघत नव्हतं. पेटेल नाहीतर काय?"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. दमची हसला. "आपा, ऊन तर आमच्या डोंगरात रोजच असतं. मग दोन महिने का नाही पेटली?"

लोक खो खो हसले. उत्तर बुरुलला माहीत होतं, पण ते लांबलचक होतं. खोटं एका वाक्यात संपतं आणि खरं सांगायला अर्धा तास लागतो, याचा तिला आयुष्यभर राग येत आला होता. ती बोलायला लागेपर्यंत दमची उठलासुद्धा. सूर्य मावळायच्या आत त्याला निघायचं असायचं. दम घालणाऱ्यानं घातलेल्या दमाकडे अंधारात बघू नये, अशी त्याची पद्धत. बिदागीचा मेंढा जीपमध्ये चढवून तो भुर्रकन गेला.

घरी बुरुलचा नवरा एर्गेश गाद्यांना टेकून वाटच बघत होता. पामीरच्या रस्त्यावर तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. आता त्याला दारापासून विहिरीपर्यंत जायचं तर मध्ये दोनदा उभं राहावं लागायचं. धूळ, धूर आणि तंबाखूनं फुप्फुसं खाल्ली होती. खाली सखल मुलखात राहायला जा, असं मुर्गाबच्या डॉक्टरनं सांगून बघितलं, पण एर्गेश ऐकेल तर शपथ. शेवटी रशियात काम करणाऱ्या त्यांच्या मुलीनं एक छोटं यंत्र पाठवलं. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडायचं. ते रात्रभर चालायचं एका नव्या बॅटरीवर. महिन्याभरात बर्फानं खिंड बंद झाली की वसंतापर्यंत दुसरी बॅटरी मिळणं शक्य नव्हतं. म्हणजे ती एक बॅटरी टिकली तर एर्गेशचा हिवाळा निघणार होता.

"पेटला ना?" त्यानं विचारलं.

"पेटला."

"मी म्हणत नव्हतो!"

"चार दिवस थांब, म्हाताऱ्या. मग बोलू."

चार नाही, पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी उम्सुन तणतणत आली. गावातली धाकटी माणसं बुरुलला एजे, म्हणजे ताई, म्हणायची. "एजे, गेला दिवा! दमची म्हणालाच होता. परवा दीर आला ना माझा, तीन फोन घेऊन! आल्या आल्या वर बघतो काय, म्हणतो काय, 'वहिनी, उजेड झकास आहे हं!' लागली नजर. आता मी ठरवलंय, कुणाला आत घ्यायचंच नाही."

बुरुलनं डोक्याला हात लावला. "अगं, नजर नाही लागली, फोन लागले! तीन फोन, एक टीव्ही, आणि बॅटरी अर्धमेली. ती काय करील बिचारी?"

"तुमचं आपलं काहीतरीच, एजे."

"बरं, ती बॅटरी मला दे चार दिवस. तुला नाहीतरी काय उपयोग आहे तिचा?"

उम्सुननं ती आनंदानं दिली. नजर लागलेली वस्तू घरातून गेली, तेवढंच बरं.

त्या आठवड्यात बुरुल गावातल्या सतराही घरांत फिरली. प्रत्येक घरात भिंतीवर कंट्रोलरची छोटी डबी होती. सोलरची वीज बॅटरीत सोडायची, आणि बॅटरी फार खाली उतरली की दिवा आपोआप तोडायचा, एवढंच तिचं काम. तिनं दिवा तोडला नाही तर बॅटरी तळापर्यंत रिकामी होते, आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर टणक पांढरे खडे धरतात, आणि मग कितीही ऊन घाला, आत मावतच नाही. हे सगळं साधं होतं. पण सतरांपैकी चौदा घरांत त्या डबीला वळसा घालून एक तार बांधलेली होती, बॅटरीपासून थेट दिव्यापर्यंत.

का, तर पाहुणा. आकबुलाकमध्ये पाहुणा घरात असताना दिवा विझला तर यजमानाचं नाक कापलं जातं. चुलीतली आग, पाहुण्याच्या पेल्यातला चहा आणि डोक्यावरचा दिवा, पाहुणा बसलाय तोवर संपता कामा नये. डबीला काय कळतंय कोण पाहुणा आणि कोण घरचं? ती ऐन जेवणात टक् करून दिवा तोडायची. म्हणून लोकांनी तिलाच बाजूला सारलं. सहा-सात वर्षं चालणाऱ्या बॅटऱ्या दीड-दोन वर्षांत मरायला लागल्या. मग दमची आला आणि म्हणाला, पाहुण्याची नजर. ज्या पाहुण्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच चोर ठरला.

"ती तार काढा," बुरुल सांगायची. "आणि आत झऱ्याचं पाणी ओतू नका, खारट आहे ते. ताज्या बर्फाचं पाणी स्वच्छ भांड्यात वितळवून घाला."

"हो हो, एजे, चहा घ्या," लोक म्हणायचे. चहा मिळायचा, साय मिळायची, तार मात्र कुणी काढली नाही. एका घरातल्या म्हातारीनं तर तारेला निळा मणी बांधून ठेवला होता. बुरुल संतापून घरी आली आणि तिची नजर आपल्याच भिंतीवर गेली. तिथंही तार होती. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या सासरची माणसं जेवायला बसलेली असताना दिवा गेला होता, आणि एर्गेशनं पक्कड घेऊन स्वतः ती बांधली होती. त्यांची जुनी बॅटरी त्यामुळंच गेली. तेव्हा ती भांडली होती, मग कंटाळून गप्प बसली होती. सत्तावीस वर्षं बॅटऱ्या सांभाळलेल्या बाईच्या घरात ही तऱ्हा! कुणाला काय सांगणार?

तिनं पक्कड हातात घेतली, तेवढ्यात एर्गेश म्हणाला, "राहू दे ती. मी नुरमतला बोलावलंय. शुक्रवारी येतोय. आपल्या जुन्या बॅटरीचा रोजा आजपासून सुरू करू."

"जुनीचं काय वाटेल ते कर."

"नवीलाही दम घालून घेतो. खिंड बंद व्हायच्या आत. आधीच घातलेला बरा."

बुरुलच्या हातातली पक्कड खाली आली. "नवीला? तिच्यात तो झऱ्याचं पाणी ओतणार, कळतंय का तुला? त्या पाण्यानं किटलीच्या बुडाला बोटभर पुटं चढतात. आतल्या पट्ट्यांचं काय होईल? डिसेंबर गाठायची नाही ती! आणि मग तू काय करशील? त्याच्या फुंकरीवर श्वास घेशील?"

"मागं त्यानं माझ्यावर फुंकर घातली, त्या संध्याकाळी बरं वाटलं होतं मला."

"त्या संध्याकाळी चार माणसं जमली होती, तू गप्पा मारत होतास, म्हणून बरं वाटलं!"

एर्गेशनं गाद्यांना पाठ टेकली. बोलायला श्वास गोळा करावा लागायचा. "म्हातारे, जुनी बॅटरी दोन वर्षांत गेली. आपल्या डोळ्यांसमोर. ही जर मध्येच गेली, तर मी गेलो. तुला ठाण्यावरच्या मोजमापाच्या काचेच्या नळ्यांवर भरवसा आहे. मला कशावर तरी ठेवू दे की."

बुरुलला एकदम रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. नवऱ्याचा नाही, या भित्र्या माणसाला हेरून त्याच्या भीतीवर मेंढे चारणाऱ्याचा. भांडून काही होणार नाही, हे तिला कळलं. गेले पंधरा दिवस ती भांडतच होती. दमची दिवा पेटवतो आणि उन्हं असतानाच पळतो. अंधारात काय होतं ते कधी बघतच नाही. त्याला अंधार पडेपर्यंत बसवून ठेवता आलं, तर?

"ठीक आहे," ती म्हणाली. "येऊ दे त्याला. पण एवढा मोठा माणूस येणार, तर कोरडा कसा पाठवायचा? मेंढा कापू. आधी जुनीला दम, मग जेवण, मग नवीला. गावालाही बोलावू."

एर्गेशचा चेहरा उजळला. "आता कशी शहाण्यासारखी बोललीस!"

बुरुलनं कळपातला सगळ्यात म्हातारा मेंढा निवडला. एवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं पण त्याला धग नसते. कोवळं मांस शिजायलाही चार तास जातात. हा मेंढा सहा तासांच्या आत दाताला दाद देणार नव्हता. पाझिलकडून आणलेल्या मेलेल्या बॅटरीला तिनं ठाण्यावरून आणलेलं जुनं सोलर जोडलं आणि कोठारात तिचाही तीन दिवस रोजा पाळला. तिथं धूप नाही, रुमाल नाही, आणि फुंकर तर अजिबात नाही.

शुक्रवारी दुपारी दमची आला. घर भरलेलं होतं. पाझिल मेंढा घेऊन दारात उभा राहिला आणि रिवाजाप्रमाणे म्हणाला, "दमची, हा तुमच्या नावाचा. दुवा द्या."

दमचीनं मेंढ्याकडे बघितलं, जिभल्या चाटल्या, तळवे वर केले, दुवा दिला. बस्स! ज्या मेंढ्याला पाहुण्यानं दुवा दिला, त्याचं डोकं त्याच्यासमोर वाढल्याशिवाय त्याला उठता येत नाही. बुरुलनं त्याचा कोट घेतला आणि आतल्या पेटीत घडी करून ठेवला.

दम घातला गेला. आजोबांचे घोडे, वडिलांचा ट्रॅक्टर, साहेबांचा काटा, सगळं झालं. कढत पाणी ओतलं गेलं. एर्गेशच्या घरात छताला ट्रकचा जुना बल्ब होता, तो लखलखला. टीव्ही लागला. एर्गेशनं डोळे पुसले.

"आता फोन लावा रे," बुरुल म्हणाली. "आमच्या घरी आलात, फोन रिकामे नेऊ नका." नऊ फोन लागले. दमचीनं भुवई उंचावली, पण पाहुण्यांसमोर नको कसं म्हणणार?

चहा झाला. पुन्हा झाला. दमची खिडकीतून उन्हाकडे बघायला लागला. "आपा, आता नवीलाही दम घालून टाकू. मला लांब जायचंय."

"जेवणाआधी? छे छे! तुमचं पोट रिकामं, दम अपुरा पडायचा."

"मांस..."

"शिजतंय."

उम्सुन भाबडेपणानं म्हणाली, "एजे, माझा कुकर आणू का? तासाभरात होईल."

"पाहुण्याच्या मानाचं मांस कुकरात? तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

तास गेला, दोन गेले, तीन गेले. सूर्य कड्यामागं गेला आणि छपरावरचं सोलर निजलं. आता जो काही उजेड होता तो फक्त बॅटरीतला होता. दमची तिसऱ्यांदा उठला. "मला निघायलाच हवं. अंधारात माझी नजर माझ्या दमावर पडू नये."

पाझिल गंभीरपणे म्हणाला, "दमची, दुवा दिलेला मेंढा टाकून जाणार? तो अपमान आमच्या सगळ्या गावाचा." म्हातारी माणसं माना डोलवायला लागली. दमची बसला. 

आधी टीव्हीतली बाई गाता गाता गेली. मग बल्ब पिवळा झाला. मग केशरी. मग एखाद्या विझत्या गोवरीसारखा लाल. त्या लाल उजेडात सगळे वर बघत होते. एर्गेश तर बघतच राहिला. बल्ब गेला. चुलीच्या दाराच्या फटीतून तेवढा उजेड येत होता.

"नजर!" दमची ओरडला. "इथं कुणाच्या तरी मनात संशय होता! त्यानं विझवला!"

"माझ्या मनात होता," बुरुल म्हणाली. "लपवून कशाला ठेवू? पण मग माझा एकटीचा संशय तुमच्या तीन पिढ्यांच्या दमापेक्षा जोरकस निघाला की. मेंढा मलाच मिळायला हवा."

कोपऱ्यातून कुणीतरी फस्सकन हसलं. बुरुलनं कोठारातून पाझिलची बॅटरी ओढत आणली आणि बल्बच्या तारा तिला जोडल्या. खोली पुन्हा लखलखली. उम्सुन किंचाळली, "ही तर आमची! हिला तर नजर लागली होती! हिच्यात दम कुणी घातला?"

"कुणीच नाही. तीन दिवस उन्हात ठेवली आणि वापरली नाही. दमचीनं सांगितलं तेवढंच केलं, फक्त दमची वगळला. रोज्यानं पेटते ती, फुंकरीनं नाही. आणि उगाच खूश होऊ नका. हीसुद्धा तासाभरात मरणार. हिच्या आत खडे धरलेत, चार घोट मावतात, तेवढे संपले की संपली. म्हणून तर हे महाशय उन्हं असताना येतात आणि उन्हं असताना जातात."

मग तिनं दोन लोखंडी पळ्या चुलीवर धरल्या. एकीत दमचीच्या किटलीतलं पिराचं पाणी, दुसरीत बर्फाचं. दोन्ही आटली. बर्फाची पळी स्वच्छ होती. दुसरीच्या तळाला पांढरं, खरखरीत कवच धरलं होतं. तिनं ती पळी सगळ्यांच्या हातातून फिरवली. "नखानं खरवडून बघा. हे तुम्ही बॅटरीच्या पोटात घालताय."

"पिराच्या पाण्याची निंदा करता?" दमचीनं शेवटचा प्रयत्न केला.

"पाणी चांगलंच आहे. माझे गुडघे त्यानंच शेकते मी. गुडघ्याला चालतं ते बॅटरीला चालत नाही, यात पिराचा काय अपमान?" बुरुलचा आवाज चढला. इतक्या दिवसांचा राग आता तिला आवरेना. "तुम्ही पाहुण्यांना चोर ठरवलंत! ही उम्सुन दिराला दारातून परत पाठवायला निघाली होती. तुमच्या दोन मेंढ्यांसाठी आमची दारं बंद व्हायला लागली! बॅटरी कशानं मेली? पाहुण्याच्या नजरेनं नाही, पाहुण्यापुढं मोठेपणा मिरवायला बांधलेल्या त्या तारेनं! मी सांगते म्हणूनही मानू नका. मी कोण लागून गेले? घरी जा, पळीत पाणी आटवा. एक बॅटरी दम घालून ठेवा, एक न घालता. डोळे दिलेत ना? मग एकदा अंधार पडेपर्यंत बसून बघा, एवढंच म्हणणं आहे माझं!"

 सगळ्यांच्या नजरा एर्गेशकडे गेल्या, कारण घर त्याचं होतं आणि पाहुणाही त्याचाच.

एर्गेश भिंतीला धरून उठला. नव्या बॅटरीची बुचं दमचीनं आधीच सैल करून ठेवली होती. एर्गेश खाली बसला आणि ती एकेक करून घट्ट आवळली. सहाही. मग त्यानं पक्कड मागितली. "म्हातारे, नवी बॅटरीही याच तारेवर होती ना?"

"होती. रोज."

तो भिंतीपाशी गेला, दम खात खात उभा राहिला, आणि स्वतः बांधलेली ती तार स्वतः तोडली. पाझिलच्या बॅटरीचे चार घोट एव्हाना संपत आले होते. तिच्या तारा त्यानं डबीतून घेतल्या. डबीनं क्षणभर विचार केला, आणि टक्! भरल्या घरात, वीस पाहुण्यांसमोर, एर्गेशचा दिवा गेला.

अंधारात कुणाचा तरी पेला वाजला. एर्गेशचा जोरजोरात चाललेला श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

"दिवा गेलाय," पाझिलचा आवाज आला. "आम्ही आहोत. मांस आणा."

मेणबत्त्या लागल्या, मांस आलं. मेंढ्याचं डोकं रिवाजाप्रमाणे दमचीसमोर ठेवलं गेलं, कारण कसाही असला तरी पाहुणा होता. त्यानं मान खाली घालून चार घास खाल्ले. बुरुलनं कोट आणून दिला, किटलीही दिली. त्या वेळी जीपमध्ये मेंढा कुणी चढवला नाही.

एवढ्यावर सगळं सुधारलं असं म्हणायला बुरुलला आवडलं असतं. पंधरा दिवसांनी कळलं, की दमची शेजारच्या खोऱ्यात आहे आणि धंदा बरा चाललाय. आकबुलाकमध्ये चौदापैकी नऊ घरांनी तार काढली. उम्सुननं काढली, पण डबीला निळा मणी बांधला. "बांध बाई," बुरुल म्हणाली, "मण्याला वीज लागत नाही." उरलेल्या पाच घरांत ती अजून जाते, चहा पिते, तेच ते सांगते, आणि चिडून परत येते.

जानेवारीत पारा उणे त्रेचाळीसवर गेला. नवी बॅटरी घोंगडीत गुंडाळून चुलीच्या भिंतीपाशी होती. भरलेली बॅटरी गोठत नाही, रिकामी गोठून फुटते, म्हणून बुरुल रोज सकाळी बुच उघडून ठाण्यावरचा काचेच्या नळीचा काटा आत सोडायची. काटा वर तरंगला की बॅटरी भरलेली, बुडाला की रिकामी.

"किती?" एर्गेश अंथरुणातून विचारायचा. नाकातली नळी अजून तशीच असायची.

"वर आहे."

"बरं," तो म्हणायचा, आणि पाठ टेकायचा.

त्या महिन्यात उम्सुनचा दीर बर्फातून वाट काढत त्यांच्या दाराशी आला, खिशात तेच तीन फोन घेऊन. एर्गेशनं स्वतः उठून दार उघडलं, त्याला आत ओढलं, चुलीपाशी मानाच्या जागी बसवलं, चहा ओतला.

"ये, जेव, वाटलं तर आठ दिवस राहा," तो म्हणाला. "फोन मात्र उद्या दुपारी उन्हात भर. रात्री इथं मी श्वास घेतो."